मुठी दिल्या, नेम काढून घेतला

“मंक घेऊ नको, फुकट जाशील.” आमच्या टेबलावर नवीन कुणी आलं की पहिल्या अर्ध्या तासात त्याला हे ऐकवलं जातं. ऐकवणारे माझेच मित्र. मंक, म्हणजे आमच्या खेळातला लढणारा संन्यासी, लढाईत कमी पडतो असा त्यांचा हिशोब, आणि तो चुकीचा नाही. तरीही गेली काही वर्षं मी या वाक्याशी भांडतो आहे, कारण मला वाटतं की हिशोब बरोबर असला तरी मोजायला घेतलेली वस्तूच चुकली आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे पाच-सहा जणांनी एकत्र बसून तोंडी रचलेली गोष्ट. एक जण गेम मास्टर. गाव, राजा, चोर, वादळ हे सगळं तो उभं करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगत जातात. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे समजवायला मला कधी फार वेळ लागलेला नाही. जत्रेतल्या दशावताराला तरी छापील संहिता कुठे असते? आख्यान ठरतं, कोण कुठल्या पात्रात ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर समोरच्याचं ऐकत जागच्या जागी जुळतात. रात्र सरते, पहाट होते, तरी शब्द संपत नाहीत. आमच्या टेबलावर रंग लावत नाहीत आणि पखवाज वाजत नाही, एवढाच काय तो फरक.

आम्ही कुडाळजवळच्या एका घराच्या पडवीत खेळतो. बहुतेक जून-जुलैत, कारण आमच्यातला एक जण मासेमारीच्या बोटीवर असतो आणि त्या दोन महिन्यांत बंदीमुळे बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात.

आता त्या हिशोबाकडे येतो. सगळ्यात जास्त खेळला जाणारा खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्यात पात्राचा जो ‘क्लास’, म्हणजे पेशा, निवडावा लागतो त्यातला एक मंक. भिक्षू म्हणा, संन्यासी म्हणा. चिलखत घालत नाही, हाताने-लाथेने लढतो, आणि श्वास आणि ध्यान यांतून आलेली एक आतली शक्ती वापरतो. २०१४च्या नियमांत तिला ‘की’ म्हणत. पात्र खेळत खेळत पातळ्या चढतं; जितकी पातळी तितके कीचे गुण. पाचव्या पातळीला पाच. एक जादा ठोसा मारायचा, एक खर्च. उडी मारून निसटायचं, एक खर्च. शत्रूला सुन्न करायचं, एक खर्च, आणि तिथे शत्रूला फासा टाकून वाचायची संधी मिळते. ती संधी त्याच्या शरीराच्या काटकपणावर अवलंबून, आणि मोठे राक्षस नेमके काटकच असतात. म्हणजे दोन फेऱ्यांत मंकची थैली रिकामी. शिवाय त्याला चपळाईही हवी आणि अंतर्ज्ञानही हवं, कारण चिलखताच्या जागी त्या दोन्हींची बेरीज त्याला वाचवते. फायटरला, म्हणजे साध्या शस्त्रधारी योद्ध्याला, एक गुण भक्कम असला की पुरतं. पात्राचा जीव किती, हे ठरवणारा फासा फायटरला दहा बाजूंचा, मंकला आठ. तरी त्याने पुढे घुसून मारामारी करायची. माझे मित्र हेच मोजतात, आणि लढाईपुरतं मोजायचं तर मंक मागे पडतो यात वाद नाही.

२०२४च्या नव्या पुस्तकाने यातलं बरंच दुरुस्त केलं. ठोशाने किती इजा होते ते ठरवणारा फासा पूर्वी चार बाजूंपासून सुरू होऊन दहापर्यंत जाई, आता सहापासून बारापर्यंत जातो. धावणं आणि निसटणं यांना फुकटचा पर्याय आला. बाण अडवण्याची जी युक्ती होती ती आता तलवारीच्या घावालाही चालते. ‘की’ हे नाव जाऊन ‘फोकस’ आलं. लढाईत मंक खरोखर सुधारला, आणि ज्यांनी हे केलं त्यांना मी दुवा देतो. पण त्याच पुस्तकात एक गोष्ट गुपचूप गेली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी हळहळलं नाही. जुन्या नियमांत तेराव्या पातळीच्या मंकला प्रत्येक बोलली जाणारी भाषा समजे, आणि त्याचं बोलणं प्रत्येकाला समजे. ती शक्ती काढून टाकली. तेराव्या पातळीला आता वीज, आग असले मारे अडवता येतात.

मला हा बदल साधा वाटत नाही. ज्या माणसाला कुणाशीही बोलता येत होतं, त्याच्या हातात आपण आणखी एक ढाल दिली.

हे आजच घडलेलं नाही. हा खेळ १९७४चा. मंक त्यात आला १९७५च्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत. त्या काळी अमेरिकेत पडद्यावरच्या कुंग-फूची लाट होती आणि हे पात्र त्या लाटेबरोबर आलं. उगम असा असला तरी १९७८च्या नियमपुस्तकातला मंक वाचून पाहा. तो दुबळा आहे, विचित्र आहे, पण त्याला आयुष्य आहे. त्याने जादूच्या वस्तू मोजून पाचच ठेवायच्या, दोन शस्त्रं आणि इतर तीन. मिळालेल्या धनातलं निर्वाहापुरतं ठेवून बाकीचं धर्मकार्याला देऊन टाकायचं. वरच्या पातळ्यांवर जागा मोजक्याच, आणि वर चढायचं तर आधी त्या जागेवर बसलेल्याला हरवायचं. म्हणजे गुरू आहे, परंपरा आहे, अपरिग्रह आहे. आपल्याकडे ज्याला नेम म्हणतात, तो नियमात लिहिलेला आहे.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकातून मंक वगळलाच. २०००मध्ये तो परत आला तेव्हा पाच वस्तूंची अट नव्हती. उरलं होतं एवढंच, की त्याने शिस्तीच्या स्वभावाचं असावं, आणि एकदा वाट सोडून दुसरा क्लास धरला तर मंक म्हणून पुढे वाढता येणार नाही. २०१४पर्यंत तेही गेलं. प्रत्येक वेळी कारण समजण्यासारखं होतं. अटी खेळाडूला जाचतात, गेम मास्टर त्या अटींचा सापळा करतात, टेबलावर भांडणं होतात. म्हणून अटी काढल्या. पण फायटरची अट काढली तर फायटर उरतो. मंकची काढली तर चिलखत न घातलेला, जरा कमी मारणारा फायटर उरतो. मग तो दुबळा वाटतो, मग त्याला बळ द्यावं लागतं, मग फासा चारचा सहा करावा लागतो. पन्नास वर्षांचा हा प्रवास मला असा दिसतो.

याला कुणी म्हणेल, लढणारा संन्यासी हीच मुळात परदेशी कल्पना, तिच्याकडून काय अपेक्षा करायची? तसं नाही. शाओलिनचे भिक्षू १५५३मध्ये चीनच्या किनाऱ्यावर चाच्यांशी खरोखर लढले होते. आपल्याकडे अनुपगिरी गोसावी आपल्या नागा फौजेसह १७६१ला पानिपतावर होता, शुजाउद्दौल्याच्या बाजूने, म्हणजे आपल्या विरुद्ध. पण हे लोक शस्त्रं घेऊन, फौज म्हणून लढले. एकट्याने मुठीने दहा जणांना लोळवणारा साधू हा पडद्याचा. साधूचा खरा दबदबा कुठून येतो हे विचारायचं असेल तर कोकणात विचारावं.

चिपळूणजवळच्या परशुरामाला ब्रह्मेंद्रस्वामी होते. १७२७ला जंजिऱ्याच्या सिद्दीचा सरदार सिद्दी सात याने ते देऊळ लुटलं. स्वामींच्या हातात काय होतं? ते घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला जाऊन राहिले आणि पत्रं लिहीत बसले. शाहू महाराजांना, बाजीरावांना, आंग्र्यांना. आर्जवाची पत्रं, रागाची पत्रं, आणि कर्जाच्या हिशोबाचीही, कारण हे स्वामी पेशव्यांचे सावकार होते. १७३३ला जंजिऱ्याची मोहीम निघाली आणि १७३६ला चिमाजी आप्पांच्या हातून सिद्दी सात मारला गेला. मोहिमेमागे राजकारण इतरही होतं, पण त्या संन्याशाचा रेटा त्यात होता हे कुणी नाकारत नाही. त्यांच्या नावाच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, ठोशाचा फासा काय लिहाल?

सावकारी करणारा संन्यासी कुणाला रुचणार नाही, तर दुसऱ्या टोकाला माणगाव आहे. तिथे १८५४ला जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती, आमचे टेंबे स्वामी, दंड-कमंडलू घेऊन देशभर पायी फिरले. त्यांचं नाव काढलं की आमच्याकडची म्हातारी माणसं आधी त्यांचे नेम सांगतात, किती कडक होते ते सांगतात, चमत्कार नंतर. आणि पावसचे स्वामी स्वरूपानंद तर हललेच नाहीत. पावसला एकाच घरात चाळीस वर्षं राहिले आणि माणसं त्यांच्याकडे येत गेली. त्यांनी देह ठेवला ते १९७४ साल, हा खेळ आला तेच.

नाथांची गोष्ट मला या खेळासाठी सगळ्यात मोलाची वाटते. श्रावणात घरोघरी नवनाथांची पोथी लावतात. तिच्यात मच्छिंद्रनाथ कुडाळ प्रांतातल्या अडूळ गावी येतात, म्हणजे आमच्याच मुलखात. तिथल्या कालिकादेवीला ते म्हणतात, मी लोकांच्या भल्यासाठी शाबरी मंत्र रचला आहे, तू त्यात उभी राहा. देवी चिडते. मी शंकराच्या हातातलं अस्त्र, तुझ्या मंत्रात का येऊ? मग जुंपते. नाथ भस्माची चिमूट फेकतात, वाताकर्षणाचा प्रयोग करतात आणि देवीचा श्वासच आखडतो. माझ्या मित्रांना ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे एकदम म्हणाले, हे तर मंकचं सुन्न करणं! बरोबर. पण त्या झटापटीच्या आधी काय आहे ते पाहा. नाथ गावोगाव, देवळोदेवळी फिरून एकेका देवतेकडून वचन घेत चालले आहेत. त्यांची विद्या म्हणजे गोळा केलेली वचनं. लढाई होते ती वचन मागितल्यामुळे.

अशी वचनं मागत फिरणारा मंक कुठल्याही गेम मास्टरला सहा महिने पुरेल. नियमपुस्तकात त्याला जागा नाही, म्हणून आम्ही ती केली. कॅरेक्टर शीटवर नावाखाली एक ओळ वाढवली: नेम. खेळाडूने स्वतः निवडायचा, एकच, आणि रोज पाळता येईल असा.

पहिला नेम घेतला आमच्या बोटीवरच्या मित्राने. त्याचा मंक पाच घरांची माधुकरी मागून जेवणार. आमची गोष्ट एका खाडीकाठच्या कल्पित गावात चालली होती. रात्री गलबतं लुटली जात होती आणि किल्लेदारावर संशय होता. बाकीचे चौघे किल्ल्यात घुसायचे बेत आखत बसले. हा मात्र प्रत्येक दिवशी म्हणायचा, मी माधुकरीला जातो. गेम मास्टर मी, म्हणून मला पाच घरं उभी करावी लागायची. रांपणीचा मालक, सुताराचं घर, मुलगा गमावलेली म्हातारी, पुजारी, ताडी काढणारा. दाराशी उभा राहिलेल्या गोसाव्याला माणसं जे सांगतात ते तलवार लावलेल्याला सांगत नाहीत. सुताराच्या बायकोने सहज सांगितलं की किल्ल्यावरून होडीच्या वल्ह्यांची मागणी आली आहे, आणि किल्ल्यावर तर होडीच नाही. पुजाऱ्याने सांगितलं की देवळाच्या दिव्याला तेल मिळत नाही, कुणीतरी सगळं उचलतं. तिसऱ्या शनिवारी किल्ल्यावर चढाई करायला निघालेल्या चौघांना तो म्हणाला, “किल्ल्यावर कित्याक जातास? होडये जुव्यार आसत.” खाडीतल्या बेटावर. एकही ठोसा न मारता अख्खी मोहीम त्याने वळवली होती. त्या तीन आठवड्यांत त्याच्या मंकने किती डॅमेज केलं हे मोजायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

पुढे त्या जुव्यावर घरं होती तीन. पाच घरांचा नेम तीन घरांत कसा पाळायचा? तो म्हणाला, मी उपाशी राहीन. नियमाप्रमाणे दोन-तीन दिवस उपाशी राहिल्याने काही बिघडत नाही, म्हणून तो निवांत होता. पण त्यातली एक म्हातारी मी उभी केली होती ती रुसली. आलेला अतिथी माझ्या दारातून उपाशी गेला, आता माझी होडी तुम्हाला मिळायची नाही. “आधी जेव, मगे होडी.” ते वाक्य म्हणताना मला माझी आजी आठवत होती. टेबलावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. शेवटी तो म्हणाला, “जेवतंय.” फासा पडला नाही, कुठला गुण कमी झाला नाही. पुढचे कितीतरी शनिवार मात्र आमची गोष्ट त्या एका जेवणाभोवती फिरत राहिली. त्याच्या मंकने स्वतःच प्रायश्चित्त ठरवलं आणि बाकीचे चौघे कधी त्याला हसले, कधी त्याच्यासाठी थांबले.

यावर माझे मित्र दोन आक्षेप घेतात. एक असा, की नेम तर फायटरलाही घेता येईल, मग त्यात मंकचं काय? घेता येईल, आणि घ्यावाही. पण मंकच्या नियमांतच नेमाची खोबण आहे. त्याचं बळ दारात काढून ठेवता येत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात, दरबारात, कैदेत, खाडी ओलांडायच्या तरीवर, जिथे जिथे शस्त्र बाहेर ठेवा म्हणतात, तिथे फायटर अर्धा होतो आणि मंक पूर्ण राहतो. नेम त्याला अशा जागी घेऊन जातो. अडचण एवढीच की आम्ही गेम मास्टर अशा जागा तयारच करत नाही. आम्ही गुहा करतो, गुहेत राक्षस ठेवतो, आणि मग मंक कमी पडतो म्हणतो. नवव्या पातळीला मंक पाण्यावरून धावतो. त्या पातळीच्या ४५ फूट वेगाने, सगळी ताकद धावण्यातच घातली तर एका फेरीत १३५ फूट, आणि धाव संपेल तिथे पायाखाली जमीन नसेल तर बुडतो. हे वाचून मला लगेच ओहोटीची खाडी दिसते, मधे उघडे पडलेले खडक, आणि भरती लागायला किती वेळ उरला आहे याचा विचार. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने मंकला गुहेत कोंडून ठेवावं याचं मला वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप घरातून आला. आमच्या एका ज्येष्ठांनी पडवीत बसून दोन शनिवार खेळ ऐकला आणि विचारलं, गोसाव्याचं सोंग घेऊन फासे टाकता, हे बरं का? मी हा प्रश्न झटकून टाकला नाही. जिवंत परंपरेचं नाव, खऱ्या सत्पुरुषाचं नाव आम्ही पात्राला देत नाही, आणि कुणी देऊ नये असं माझं ठाम मत आहे. पण सोंग घेणं म्हणजे अनादर असेल तर दशावतारात काल विष्णू झालेला माणूस आज शेतात चिखलणी करतो त्याचं काय? तो उभा राहतो तेव्हा आपण हात जोडतो, कारण तो ते पात्र मनापासून करतो. नेम नसलेला, नुसत्या लाथा मारणारा साधू टेबलावर नाचवणं हाच मला खरा अनादर वाटतो, आपल्या संन्याशांचा आणि शाओलिनच्याही. ज्येष्ठांनी यावर मान हलवली नाही, पण तिसऱ्या शनिवारी पुन्हा येऊन बसले.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. नेम पाळला तर काही बक्षीस द्यावं का, एखादा जादा गुण, एखादा फासा परत टाकायची मुभा? बोटीवरचा मित्र म्हणतो द्या, नाहीतर हिशोब करणारी पोरं नेम घेणारच नाहीत. मी म्हणतो देऊ नये. ज्या दिवशी माधुकरीला एक गुण मिळेल त्या दिवशी पाच घरांत कोण राहतं हे कुणी विचारणार नाही, फक्त पाच घरं झाली म्हणून टिक करतील. यंदा बंदी सुरू झाली की दोन टेबलं लावायची असं ठरलं आहे. एकावर त्याच्या पद्धतीने, एकावर माझ्या. नवीन येणाऱ्या चौघांपैकी दोघींनी आत्ताच मंक मागितला आहे. एकीने नेमाची ओळ भरून पाठवली: एका गावात तीन रात्रींहून जास्त राहणार नाही. मी नकाशा काढायला बसलो आहे, आणि प्रत्येक गावात तिसऱ्या रात्री काय अर्धवट सोडून तिला निघावं लागेल ते लिहितो आहे.